माळव्यातील बटाटा आणि त्याच्या विषाणूंचे वंशवैविध्य : प्रस्तावना

जगाच्या कृषिवाङ्मयात इंदूरचे नाव ज्या कारणाने कायमचे नोंदले गेले ते कारण मातीचे आहे, बेण्याचे नव्हे. आणि माळव्यातील बटाट्याच्या विषाणूंविषयी काही लिहावयाचे झाल्यास आरंभ येथूनच करणे मला युक्त वाटते. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक आल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांपासून खत कुजविण्याची जी पद्धती सिद्ध केली तिला या शहराचेच नाव दिले. आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेला, शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३५ साली गांधीजी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था आवर्जून पाहिली. जमीन निरोगी असेल तर पीक निरोगी राहील, पीक निरोगी असेल तर ते खाणारी जनावरे आणि माणसे निरोगी राहतील, आणि रोग म्हणजे जमिनीच्या दुरवस्थेची केवळ वर्दी होय, हा हॉवर्ड यांचा सिद्धान्त. त्याचे तेज आज शंभर वर्षांनीही ओसरलेले नाही, आणि माळव्याच्या काळ्या जमिनीवर तो शिकवला गेला याचा अभिमान येथील मराठी मनुष्याने बाळगला तर त्यात गैर काही नाही.

तथापि ज्या १९३१ सालात इंदूरच्या खताचा ग्रंथ बाहेर पडला त्याच सालात केंब्रिज येथे केनेथ स्मिथ यांनी बटाट्याच्या पानांवरील एका चट्टेरी रोगाची उकल करून असे दाखविले, की जो एक रोग म्हणून ओळखला जात होता तो वस्तुतः दोन भिन्न विषाणूंचा संयोग आहे. रोगट झाडावरील मावा निरोगी झाडावर सोडला तर त्याच्याबरोबर एकच विषाणू जाई. रोगट पानाचा रस धोतऱ्याच्या पानावर चोळला तर धोतरा त्या विषाणूला थारा न देता दुसऱ्यालाच देई. स्मिथ यांनी धोतऱ्यात थारा मिळालेल्याला एक्स आणि माव्याबरोबर जाणाऱ्याला वाय म्हटले, आणि ही कोरडी अक्षरे आजतागायत टिकली आहेत. या दोहोंपैकी कोणताही विषाणू उत्तम कुजलेल्या खताला भीत नाही. हॉवर्ड यांच्या पद्धतीने वर्षानुवर्षे जोपासलेल्या जमिनीत बाधित बेणे लावले तर त्यातून बाधितच झाड उगवेल. ते काही काळ अधिक टवटवीत दिसेल, आणि त्यामुळे बेण्यासाठी राखून ठेवले जाण्याचा संभवही वाढेल, एवढेच. मातीचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही. त्याच्या अमलाची सरहद्द मात्र ठरते, आणि पुढील पृष्ठांतील सर्व विवेचन त्या सरहद्दीपलीकडच्या मुलखाविषयी आहे.

बटाट्याचे पीक हे नावाने पीक असले तरी वंशदृष्ट्या ते एकच व्यक्ती आहे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही तिचा विचार सहसा कोणी शेवटपर्यंत करीत नाही. कुफ्री ज्योती हा वाण १९६८ साली प्रसारित झाला. त्यानंतर महू, सांवेर, देपालपूर या तहसिलींत, पंजाबात, बंगालात, किंवा सातारा-पुण्याकडे ज्या ज्या वावरात ज्योती लागला तो सारा एकाच मूळ रोपाच्या कंदांचा विस्तार होय. गहू, ज्वारी, हरभरा यांच्यात दर पिढीला बीजनिर्मितीचा जो उंबरठा असतो, आणि ज्यावर बहुतेक विषाणू अडखळतात, तो उंबरठा येथे नाही. आईच्या अंगात जे होते ते कंदात उतरते, कंदातून पुन्हा झाडात, आणि झाडातून पुढच्या हंगामाच्या कंदांत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील बागाईतदार वाण म्हातारा होतो असे समजत असत. वय झाले की मनुष्य खंगतो तसा वाणही खंगतो, हा तर्क त्या काळी अगदी सयुक्तिक वाटे. १९१३ ते १९२० या काळात क्वांजर आणि बोटिएस या डच संशोधकांनी पाने गुंडाळण्याच्या रोगाचे स्वरूप आणि त्याचा माव्याशी असलेला संबंध उलगडला, १९२५ साली जेम्स जॉन्सन यांनी अमेरिकेतील वरकरणी धडधाकट दिसणारे बटाटेही विषाणू बाळगून असल्याचे सिद्ध केले, आणि वाणाचे म्हातारपण म्हणजे संसर्गाची साठवण असा निवाडा झाला. इंग्लंडात किंग एडवर्ड नावाच्या लोकप्रिय वाणाची तर अशी स्थिती आढळली, की देशभरातील त्याचे एकूण एक झाड एका विषाणूने बाधित होते, आणि लक्षणे मात्र त्यावर काहीच दिसत नव्हती. मग १९५० नंतरच्या दशकात झाडाच्या शेंड्यावरील सूक्ष्म उती काचनळीत वाढवून निर्मळ रोपे मिळविण्याची युक्ती निघाली, तेव्हा कोठे त्या वाणाचे विषाणुमुक्त रूप जगाला पहावयास मिळाले.

एका बाजूस असे हे न बदलणारे शरीर. दुसऱ्या बाजूस त्यात राहणारा, क्षणोक्षणी बदलणारा पाहुणा. प्रस्तुत विषयाचा सारा मर्मभाग या विषमतेत आहे असे माझे मत आहे, आणि विषाणूंच्या वंशवैविध्याची चर्चा ही केवळ प्रयोगशाळेतील पंडितांची वर्गीकरणाची हौस नव्हे, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

बटाट्यावरील बहुतेक विषाणूंचा आनुवंशिक मजकूर आरएनए या रेणूच्या एका धाग्यावर लिहिलेला असतो. एक्सचा मजकूर सुमारे ६,४०० अक्षरांचा, वायचा सुमारे ९,७०० अक्षरांचा, पाने गुंडाळणाऱ्या विषाणूचा ६,००० अक्षरांहून किंचित कमी. या मजकुराच्या नकला करणारे विकर नक्कल ताडून पहात नाही. होळकरांच्या दफ्तरात मोडी कागदाच्या नकला उतरणारा कारकून कितीही सावध असला तरी पुढे कोणी रुजुवात घेणार नसेल तर एखादा काना राहून जाणारच. विषाणूच्या बाबतीत हा चुकांचा दर साधारणतः दहा हजार अक्षरांमागे एक असा मानला जातो, म्हणजे वायच्या जवळजवळ प्रत्येक नकलेत एखादा फेरफार असावयाचाच. त्याच कारकुनापुढे दोन निराळे कागद एकदम उघडे पडले आणि पहिल्या कागदावरून उतरता उतरता त्याची नजर दुसऱ्यावर सरकली, तर निम्मा मजकूर एकाचा आणि निम्मा दुसऱ्याचा असा तिसराच दस्तऐवज तयार होतो. एकाच झाडात दोन वंश एकत्र आले असता नेमके हेच घडते, आणि शास्त्रज्ञ त्याला पुनर्संयोजन म्हणतात.

या व्यवहाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण वाय विषाणूचे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. जुन्या अभ्यासकांनी याचे तीन वंश मानले: सामान्य म्हणून ओ, ठिपकेदार करपट रेषा उमटविणारा सी, आणि तंबाखूच्या पानांच्या शिरा करपविणारा एन. बटाट्यावर एनची लक्षणे सौम्य, ओची ठळक. मग १९८० च्या सुमारास हंगेरीत असा एक वंश दिसू लागला की जो कंदाच्या सालीवरच करपट वर्तुळे उमटवी. त्याला एनटीएन हे नाव मिळाले. पोलंडातील विल्गा नावाच्या वाणावर आणखी एक प्रकार आढळला, तो एन-विल्गा. पुढे दोहोंचा संपूर्ण मजकूर वाचला गेला तेव्हा ते दोघेही ओ आणि एन यांच्या तुकड्यांचे सांधकाम आहे असे निघाले. त्यातही एन-विल्गाचे कौतुक असे, की त्याचे बाह्य आवरण ओचे आणि आतील मजकुराचा मोठा भाग एनचा. आवरणाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर आधारलेली जी परीक्षा एलायझा या नावाने १९७७ पासून वनस्पतिरोगशास्त्रात रूढ झाली, ती त्याला निःशंकपणे ओ म्हणून दाखला देते. तंबाखूच्या झाडाला विचाराल तर ते शिरा करपवून तो एन असल्याचे सांगते. दोघेही साक्षीदार खरे बोलतात, आणि तरीही वस्तुस्थिती कोणाच्याच जबानीत पुरती येत नाही. आज जगाच्या बहुतेक बटाटाप्रदेशांत हे सांधीव वंशच शिरजोर झाले आहेत, आणि भारतातूनही अशा संकरित वायची नोंद झालेली आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाचा विषाणू पहा. पाने गुंडाळणारा विषाणू हानीच्या मानाने वायच्या तोडीचा; दोघांनीही निम्म्याहून अधिक उत्पन्न बुडविल्याचे दाखले आहेत. परंतु निरनिराळ्या खंडांतून गोळा केलेले त्याचे नमुने एकमेकांशी आश्चर्य वाटावे इतके जुळतात. नक्कल करणारे विकर येथेही बेफिकीरच आहे. मग वैविध्य का नाही? याचे उत्तर बहुतांशी माव्याच्या शरीरात आहे. वाय विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला क्षणभर चिकटतो आणि पुढच्याच झाडावर पुसला जातो. पाने गुंडाळणाऱ्या विषाणूला मात्र माव्याच्या आतड्याची भिंत ओलांडून, रक्तद्रवातून पोहत, लाळग्रंथीत शिरावे लागते, आणि या प्रत्येक नाक्यावर त्याचे आवरण तपासले जाते. आवरणात जरा फेरफार झाला की प्रवास तेथेच संपतो. चुका होतात, पण चुकलेल्यांची संतती पुढे जात नाही. वैविध्य हे केवळ फेरफाराच्या वेगावर नव्हे तर चाळणीच्या बारकाईवर अवलंबून असते, हा धडा या दोन विषाणूंच्या तुलनेतून जितका स्पष्ट मिळतो तितका मोठमोठ्या ग्रंथांतूनही क्वचित मिळावा.

एक्स विषाणूला किड्याचीच गरज नाही. तो अंगाला अंग लागून, बेणे कापण्याच्या विळ्याने, औताच्या फाळाने, कोळपणाऱ्याच्या धोतराने पसरतो; माळव्यात काय किंवा मंचर-सातगाव पठाराकडे काय, मोठा कंद कापून लावण्याची वहिवाट आहे तेथे विळा हाच त्याचा वाहक. त्याची लक्षणे पुष्कळदा इतकी पुसट, की शेतात फिरणाऱ्या तज्ज्ञाच्याही नजरेस पडू नयेत, आणि तरीही दहा ते तीस टक्के उत्पन्न तो मुकाट्याने नेतो. याचे वंशविभाजन मोठ्या चातुर्याने बटाट्याच्याच प्रतिकारक जनुकांवरून केलेले आहे: कोणता वंश कोणत्या जनुकाला चकवतो त्यावरून त्याचा गट ठरतो. जवळजवळ सर्व गटांना अडविणारे एक जनुक हाती लागले असे वाटत होते, तोच बोलिव्हियातून त्यालाही न जुमानणारा एक वंश उपलब्ध झाला. तो बोलिव्हियातून यावा यात नवल नाही. बटाट्याचे माहेर अँडीज पर्वतात आहे, आणि तेथे बटाटा व त्याचे विषाणू यांची झटापट सहस्रावधी वर्षे चालू असल्याने डावपेचांची विविधताही तेथेच अधिक. एस या आणखी एका सौम्य विषाणूचाही एक सामान्य आणि एक अँडीयन असा भेद आहे, व माव्याने सहज पसरण्याची खोड त्यातील अँडीयन वंशाची. आपल्या मुलखात आलेले वंश हे त्या मोठ्या दफ्तरातील काही फुटकळ पाने होत. उरलेली पाने न येतील तर बरे.

असे असले तरी प्रत्येक शत्रू परदेशातून येतो असे नाही. १९९९ साली हरियाणातील हिसार येथे बटाट्याचे शेंडे आखडून, पाने वरच्या बाजूस मुरडून, झाडे खुजी राहू लागल्याचे आढळले, आणि काही वर्षांच्या शोधाअंती असे निष्पन्न झाले की हा विषाणू टोमॅटोवर पर्णमुरड आणणाऱ्या, नवी दिल्लीचे नाव धारण करणाऱ्या विषाणूचाच एक वंश आहे. हा आरएनएचा नव्हे, डीएनएचा. प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांच्या दोन वर्तुळाकार तुकड्यांत त्याचा संसार विभागलेला असतो, आणि त्याची ने-आण पांढरी माशी करते. टोमॅटोवरील नमुन्यांपासून बटाट्यावरील नमुने इतके निराळे पडतात की त्यांना स्वतंत्र वंश म्हणून दर्ज करावे लागले. म्हणजे शेजारच्या वाफ्यातील एका जुन्या रहिवाशाने नवे घर धरले आणि घरानुसार आपली राहणी बदलली. तो लौकरच उत्तर भारताच्या मैदानात, गुजरातेत आणि मध्य प्रदेशातही दिसू लागला. त्याच विषाणूचा आणखी एक वंश २०१२ साली स्पेनमधील भोपळावर्गीय पिकांत उद्भवला आणि भूमध्य समुद्राच्या काठाने पसरला. दिल्लीचे नाव अशा रीतीने त्या देशांतील कृषिखात्यांच्या खलित्यांत गेले. प्रचलित वाणांपैकी १९८० साली प्रसारित झालेला कुफ्री बहार या रोगाला त्यातल्या त्यात कमी बळी पडतो. भुईमुगाच्या शेंडेमर रोगाचा विषाणू फुलकिड्यांच्या द्वारे मध्य भारतातील बटाट्यावर उतरतो आणि खोडे करपवितो, हाही असाच घरातला प्रकार; त्याचा मजकूर तीन खंडांत असल्याने खंडांची अदलाबदल हा वैविध्याचा आणखी एक मार्ग त्याला मोकळा आहे. विषाणूहूनही क्षुद्र, आवरणहीन असा ३५९ अक्षरांचा एक आरएनए रेणू बटाट्याचे कंद लांबट व चात्यासारखे टोकदार करतो. डीनर यांनी १९७१ साली त्याला विषाणुसदृश अशा नव्या वर्गात घातले. त्याचा परामर्श अन्यत्र घ्यावा लागेल.

हे सर्व इंदूरच्या शेतकऱ्यापर्यंत येते ते बेण्याच्या ट्रकातून. माळव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड होते. येथील हवेत वाढलेल्या कंदात शुष्कांश अधिक व शर्करा कमी असल्याने तळणीत तो काळा पडत नाही, आणि या एका गुणावर महूजवळच्या कोदरियासारख्या गावांतून घरोघरी वाळणाऱ्या चिप्सपासून मोठ्या कारखान्यांपर्यंतचा सारा व्यापार उभा आहे. १९९८ साली आलेले चिप्सोना वाण या मागणीसाठीच निर्माण झाले. पण बेणे पुष्कळसे बाहेरून, विशेषतः पंजाबातून आणि उत्तर प्रदेशातून येते. त्यामागेही एक इतिहास आहे. १९४९ साली पाटण्यास स्थापन झालेली आणि १९५६ मध्ये सिमल्यास हललेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था आरंभी डोंगरातील बेण्यावरच भिस्त ठेवून होती. पुढे पुष्करनाथ यांनी असे हेरले की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून पुढे काही आठवडे मावा जवळजवळ नसतो, आणि त्या अवधीत पीक वाढवून, शंभर संयुक्त पानांमागे माव्याची संख्या वीसवर जाण्यापूर्वीच झाडांचा पाला कापून टाकला तर मैदानातही निर्मळ बेणे तयार होते. साठ वर्षे देशाचा बटाटा या योजनेवर तगला आहे आणि तिच्याविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना असू शकत नाही. पण ती योजना माव्याच्या पंचांगावर आखलेली होती. पांढरी माशी ऑक्टोबरच्या उष्म्यातच अधिक बळावते. म्हणजे जो काळ एका शत्रूपासून अभय देतो तोच दुसऱ्याला आमंत्रण ठरतो, आणि योजना रचली गेली तेव्हा हा दुसरा शत्रू बटाट्याच्या वाटेस आलेलाच नव्हता.

माझी खरी तक्रार प्रमाणपत्राच्या शिरस्त्याविषयी आहे. बेण्याच्या शेताची तपासणी अद्याप मुख्यत्वे डोळ्यांनी होते. चट्टेरी आणि गुंडाळलेल्या पानांची झाडे मोजली जातात, उपटली जातात, आणि दाखला दिला जातो. ज्या वंशाची लक्षणे ठळक तो वंश या पद्धतीने मागे हटतो, आणि ज्याची सौम्य तो निर्धास्तपणे पुढल्या वर्षीच्या पोत्यात बसतो. दरवर्षी अशी निवड करीत गेल्यास आपण नकळत लपून राहणाऱ्या वंशांचीच पैदास करीत जाऊ, ही भीती मला काल्पनिक वाटत नाही. वायच्या सांधीव वंशांच्या वर्चस्वामागे हे एक कारण असावे असे अनेक अभ्यासकांनी सुचविलेले आहे. संपूर्ण मजकूर वाचण्याची साधने आज दुर्मीळ राहिलेली नाहीत. माळव्यात उतरणाऱ्या बेण्याच्या प्रत्येक गाडीची परीक्षा व्हावी असे म्हणणे अव्यवहार्य होईल. परंतु दर हंगामात काही ठरावीक गावांतून नमुने घेऊन, कोणत्या मुलखाच्या बेण्याबरोबर कोणता वंश आला आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरच्या बेण्यात कोणता उरला, याची सालवार बारनिशी या शहरातच ठेवण्यास अडचण कोणती? ज्या जमिनीवर खताच्या खड्ड्यांच्या उष्णतामानाची रोजच्या रोज नोंद होत होती तेथे हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

पुढील प्रकरणांत विषाणूंची नावे मी जुन्या अक्षरांनीच दिली आहेत. करपा, खरूज आणि सूत्रकृमी यांचा विचार येथे नाही. शेवटचे प्रकरण लागवडीच्या तारखेवर आहे, कारण मंडीत नवा माल लौकर नेला की भाव चढा मिळतो म्हणून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठण्याची माळव्यातील ओढ आणि पांढऱ्या माशीचा भर यांची जेथे गाठ पडते, तेथेच वंशवैविध्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने रुपये-आण्यांचा होतो.